वेबमेल आठ महिने वापरल्यावर: कोटेशन स्पॅममधे जायचं तेव्हाची गोष्ट

दिवाळीच्या आधी होस्टिंगसोबत (वेबसाइट ठेवायची भाड्याची जागा) वेबमेल घेतलं, म्हणजे आपल्या डोमेनच्या नावाचा, ब्राउझरमधे उघडायचा मेल, आता आठ महिने झाले. कंपनीचं नाव टाकत नाही, उगाच वाद नको. डोमेन (वेबसाइटचं नाव) जुनं, दुसरीकडून घेतलेलं, हे लक्षात ठेवा, पुढं त्यानेच घोळ झाला. जळगाव एमआयडीसीत आमचं चटईचं छोटं युनिट आहे, दिवसाला वीसेक मेल जातात, कोटेशन, बिलं, पेमेंटचे रिमाइंडर, बस.

पहिले दोन महिने मस्त. संक्रांतीनंतर कोटेशनला उत्तरंच येईनात, मला वाटलं मार्केट थंड आहे. शेवटी धुळ्याच्या जुन्या गिऱ्हाइकाला फोन लावला तर तो म्हणे, "भो, तुमना मेल उनाच नही." स्पॅम बघायला लावलं तर तीन कोटेशनं तिथं पडलेली. माल त्याने तोवर दुसऱ्याकडून उचललेला.

सपोर्टला तिकीट टाकलं. उत्तर आलं, आमच्याकडून मेल डिलिव्हर झालाय. झालाच होता ना, स्पॅममधे झाला होता!

मग स्वतःच बसलो. आपल्याच जीमेलवर एक मेल पाठवला, कॉम्प्युटरवर उघडून तीन टिंबं, शो ओरिजिनल. मेल खरंच त्या डोमेनवाल्याचा आहे का, हे तपासायच्या तीन गोष्टी आहेत: एसपीएफ (आपल्या नावाने कुठले सर्व्हर मेल पाठवू शकतात ती यादी), डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) आणि डीमार्क (हे नापास झाले तर मेलचं काय करायचं ती सूचना). तिथं वरच या तिन्हींचा निकाल दिसतो. माझ्याकडे एसपीएफपुढे पर्मएरर (रेकॉर्डच चुकीचा असल्याची एरर) आणि बाकीच्या दोन ओळी गायबच. आता गुगलने फेब्रुवारी 2024 पासून सांगूनच ठेवलंय की एसपीएफ किंवा डीकेआयएम, एक तरी जीमेलवर मेल पाठवणाऱ्या सगळ्यांकडे पाहिजे (दिवसाला 5000 च्या वर पाठवणाऱ्यांना तिन्ही), आणि आमच्याकडे धड एकही नाही.

पर्मएररचं मूळ घरातच निघालं. भाच्याने संक्रांतीला तिळगुळाच्या शुभेच्छा पाठवायचं टूल वेबसाइटला जोडलं होतं आणि त्यांनी सांगितलं तसा डीएनएसमधे (डोमेनची नोंदवही) दुसरा एसपीएफ रेकॉर्ड टाकून दिला. एका डोमेनला एसपीएफ एकच चालतो, दोन झाले की समोरचा सर्व्हर कुठलाच धरत नाही. विचारलं तर म्हणे, "मामा, त्यांच्या व्हिडिओत तसंच दाखवलंय." दोन्हींचे इन्क्लूड (दुसऱ्याची सर्व्हरयादी जोडणारा भाग) एकाच ओळीत घातले, जुना उडवला, तासाभरात पास. एक सांगतो, इन्क्लूड वाढवत जाऊ नका, एसपीएफमधे डीएनएसच्या चौकश्या 10 च्या वर गेल्या की परत हाच पर्मएरर.

डीकेआयएमने जास्त छळलं. होस्टिंगच्या पॅनलमधे की (सही तपासायची किल्ली, लांबलचक अक्षरं) टाकतोय, सेव्ह होतंय, पण बाहेर काहीच दिसत नाही, दोन दिवस डोकं फोडलं आणि मग उजेड पडला की नेमसर्व्हर (डीएनएस जिथून चालतो ते) अजून डोमेनवाल्याकडेच आहेत, म्हणजे रेकॉर्ड तिकडे टाकायला पाहिजे. तिकडे टाकायला गेलो तर 2048 बिटची की एका तुकड्यात मावेना, टीएक्सटी रेकॉर्डमधे (डीएनएसमधली मजकुराची नोंद) एक तुकडा 255 अक्षरांचाच असतो, दोन तुकडे केले तेव्हा घेतलं. त्यातही पहिल्यांदा व्हॉट्सॲपवरून कॉपी करताना शेवटची दोन अक्षरं राहिली होती, ते वेगळंच. डीमार्क पाच मिनिटांत झाला, पॉलिसी नन ठेवली, म्हणजे नापास मेल अडवायला सांगत नाही, फक्त रिपोर्ट येतात.

तिन्ही पास झाले तरी काही कंपन्यांकडून मेल परतच यायचे. बाउन्समधे (परत आलेल्या मेलमधे) स्पॅमहाउसचं नाव दिसलं, ही स्पॅम पाठवणाऱ्यांची काळी यादी ठेवणारी संस्था; तिथं सर्व्हरचा आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) टाकून पाहिला तर लिस्टेड. शेअर्ड होस्टिंग, म्हणजे एकच सर्व्हर अनेकांना, शेजारी कुणीतरी कचरा पाठवत असणार आणि भोगायचं आपण. स्क्रीनशॉट लावून तिसरं तिकीट टाकलं तेव्हा कुठं हलले, आठवड्याने आउटगोइंग आयपी बदलून दिला.

बाकी वेबमेल म्हणून तक्रार नाही, राउंडक्यूब नावाचं सॉफ्टवेअर आहे, मोबाईलवर जरा किचकट वाटतं पण एमआयडीसीत लाईट गेल्यावर हॉटस्पॉटवर पण चालतं. सपोर्टला पाचपैकी दोन, तेही आयपी बदलला म्हणून. वर्षाचे पैसे भरलेत तोवर वापरतो. शुभेच्छांचं टूल भाच्याकडून काढून घेतलंय, धुळेवाल्याला मात्र अजून मेल टाकला की वरून फोनही करतो.