गाडीच्या काचेची मोटर घुमत होती, तरी मोटरीचे पैसे मोजले

जुलैतला पाऊस. रंकाळ्यावर गाडी थांबवून कणीस घेतलं, काच वर करायला बटण दाबलं, तर दारात टक् झालं आणि काच तिरकी होऊन आत बसली. परत बटण दाबलं. आतून घर्रर आवाज यायचा, काच जागची हलायची नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजला. नाव सांगत नाही, कोल्हापुरातलंच. पोरानं बटण दोनदा दाबलं आणि निकाल दिला, "साहेब, मोटर गेल्या. सेटच बदलाय लागतोय." ६,८०० रुपये. धो धो पावसात उघड्या काचेनिशी घासाघीस कोण करणार? संध्याकाळी काच वरखाली होत होती, मी खूश. बिल म्हणजे वहीचं फाडलेलं पान, त्यावर 'मोटर + सेट'. जुनी मोटर दाखवा म्हणायचं डोक्यातच आलं नाही.

तेविसाव्या दिवशी परत टक्. गॅरेजवाला म्हणाला, "दार जोरात आपटलं असणार तुम्ही," आणि आणखी दोन हजार सांगितले.

आमच्या गल्लीत एक आबा आहेत, उद्यमनगरात आयुष्यभर लेथ चालवलेले. त्यांनी कान लावला आणि मला विचारलं, "मोटर आवाज कराय लागल्या न्हवं? मग मेली कशी रं?"

रविवारी दार उघडलं. आधी बॅटरीची वायर काढली. आतल्या हँडलच्या टोपणामागं एक स्क्रू, हात टेकतो तिथं एक, बाकी कडेनं प्लॅस्टिकच्या क्लिपा. पॅनेल निघालं आणि आतला पाणी अडवणारा प्लॅस्टिकचा कागद फाटून लोंबत होता. पायाखालचं मॅट का ओलं राहतंय म्हणून मी महिनाभर बायकोच्या छत्रीला दोष देत होतो!

मोटर जुनीच. बोल्टांवर गंज चढलेला, त्यावर पाना लागल्याची साधी चकाकीसुद्धा नाही. मोडलं होतं ते एवढंच: काचेच्या खालच्या कडेला चिकटवलेली पट्टी, जिला धरून रेग्युलेटर, म्हणजे मोटरीवर चालणारी दारातली यंत्रणा, काच उचलतो. ती सुटली होती आणि पठ्ठ्यानं फेविक्विकनं डकवली होती. काचेवर पांढरे डाग तसेच. फेविक्विक वाळल्यावर कडक होतं. दाराचे हादरे, ऊन, पाणी यात ते टिकायचं नाही.

पट्टी परत बसवताना आधी तिची जुनी जागा मार्करनं आखून घेतली. ती सरकली तर काच तिरकी चढून अडकते. मग ब्लेडनं जुना गोंद खरवडला, पट्टी पॉलिश पेपरनं खरबरीत केली, दोन्ही बाजू स्पिरिटनं पुसल्या आणि दोन ट्यूबांचं अ‍ॅरल्डाइट लावलं, सावकाश वाळणारं. काच पूर्ण वर ओढून दाराच्या चौकटीला टेपनं बांधली आणि २४ तास बटणाला हात लावला नाही. खर्च दोनशेच्या आत.

आबांनी आणखी एक दाखवलं. काच ज्या रबरात सरकते ते कोरडं ठणठणीत होतं. काच ओढायला जड जाते, सगळा ताण त्या पट्टीवर येतो, म्हणून ती सुटते. तिथं सिलिकॉन स्प्रे मारायचा. ग्रीस नको, त्यानं रबर फुगतं.

फोटो घेऊन गॅरेजला गेलो. "घरी दार खोललं न्हवं? मग आमची जबाबदारी संपली," एवढंच उत्तर. पक्कं बिल असतं तर ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर काहीतरी हातात धरून बोललो असतो. वहीचं पान दाखवून काय बोलणार?

काच अजून नीट चढते. एक क्लिप मात्र माझ्याच हातून तुटली, त्यामुळं खड्डा आला की दार टकटक वाजतं. म्हणजे गावात असेपर्यंत वाजतच राहणार.