बॉल जॉइंट बदलले म्हणून ४,२०० घेतले, बदललेच नव्हते. जुने पार्ट मागून घेतले तरी फसलो

नमस्कार, जरा मोठं झालंय पण ज्यांच्या गाडीला ८-१० वर्षं झालीत त्यांनी प्लीज पूर्ण वाचा.

माझी हॅचबॅक, लाखभर किलोमीटर झालेली. पावसाळ्यात खड्ड्यांनी पार वाट लावली आणि पुढच्या डाव्या चाकातनं स्पीडब्रेकरवर खट-खट यायला लागलं, जागेवर स्टेअरिंग फिरवलं की कर्रर्र वेगळंच. आमचे नेहमीचे मिस्त्री गावी गेलेले, आणि मला दोन दिवसांनी आईला डोळ्याच्या ऑपरेशनला पुण्याला न्यायचं होतं, म्हणून साताऱ्यात हायवेलगतच्या एका गॅरेजला गाडी लावली, नाव लिहीत नाही. त्याने खाली वाकून दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला, "दादा दोन्ही बॉल जॉइंट गेलेत, अशी नेऊ नका, रस्त्यात चाक बसेल." (बॉल जॉइंट म्हणजे चाकाला खालच्या दांड्याशी जोडणारा गोळी-वाटीचा सांधा.) आई सोबत असणार म्हटल्यावर मी भाव पण केला नाही. "दीड तास लागंल, तुम्ही चहा-नाष्टा करून या" म्हणाला आणि मी गेलो, इथेच चुकलो.

परत आलो तर काम झालेलं. मी ऐकलं होतं की जुने पार्ट मागून घ्यायचे, म्हणून मागितले. त्याने लगेच पेपरात गुंडाळलेले दोन काळेकुट्ट जॉइंट हातात दिले, रबर फाटलेले, गोळी आत लुळी पडलेली. मला वाटलं माणूस सरळ आहे, डिकीत टाकले आणि निघालो. आवाज खरंच बंद झाला होता. खंबाटकीचा जुना बोगदा संपला की पुण्याकडे जाताना ते एस वळण लागतं, तिथे किती अपघात झालेत सगळ्यांना माहितीये, त्या वळणावरनं मी आईला मागच्या सीटवर बसवून निवांत गेलो. आता आठवलं की पोटात गोळा येतो.

वीस दिवसांत खट-खट परत सुरू, आधीपेक्षा जास्त. तोपर्यंत आमचे मिस्त्री आले होते. त्यांनी जॅक लावून चाक अधांतरी केलं, लोअर आर्म (तो खालचा दांडा) आणि नकल (ज्या भागावर चाक बसतं तो) यांच्या मधे पहार घालून जरा दाबली तर जॉइंट डोळ्यांना दिसेल इतका वर-खाली. वर काळा स्प्रे मारलेला, तो नखाने खरवडला तर खाली गंज, आणि रबराला बारीक भोक, तिथनं सुईने ग्रीस भरलेलं. म्हणूनच थोडे दिवस आवाज दबला. नट सुटू नये म्हणून त्यात घालतात ती स्प्लिट पिन पण तीच जुनी गंजलेली, म्हणजे नट उघडलाच नव्हता. मी डिकीतले ते दोन जॉइंट दाखवले तर मिस्त्री म्हणाले, "अहो हे तीन बोल्टवाले आहेत, तुमच्या गाडीला आर्ममध्ये प्रेसने बसवलेला असतो. हे तुमच्या गाडीचे नाहीतच." दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीचं भंगार मला दाखवलं होतं.

हा काय फक्त आवाजाचा विषय नाही. चाकाची नकल खालच्या आर्मला धरून ठेवणारी ती एकच गोळी असते. रबर फाटलं की पाणी-माती आत जाते, ग्रीस धुऊन जातं, गंज, मग प्ले म्हणजे ढिलेपणा, आणि एक दिवस गोळी वाटीतनं निसटते, चाक आडवं पडतं आणि गाडी त्या कोपऱ्यावर बसते. स्पीडला असाल तर स्टेअरिंग हातात असून काही उपयोग नाही.

म्हणून कळकळीने सांगतो, जुना पार्ट मागणं पुरेसं नाही. काम सुरू व्हायच्या आधी गाडीवरच्या पार्टला नेलपॉलिशचा ठिपका लावा आणि तोच ठिपकेवाला परत मागा. नवीन बॉक्स तुमच्यासमोर फोडायला लावा, बिलावर पार्ट नंबर घ्या. माझ्या चिठ्ठीवर नुसतं "सस्पेन्शन काम ४२००" लिहिलेलं, ते घेऊन कुठे जाणार? आणि काही गाड्यांना जॉइंट सुटा मिळतच नाही, पूर्ण आर्म बदलावा लागतो, तेव्हा आपल्या गाडीला काय लागतं ते आधी स्पेअर पार्टच्या दुकानात विचारून जा. जॉइंट बदलल्यावर चाकांची अलाइनमेंट (चाकं सरळ रेषेत आहेत ना ते) चेक करायला लागते, त्याने त्याचं नाव पण काढलं नव्हतं, मला तेव्हाच शंका यायला पाहिजे होती. मुख्य म्हणजे चहाला जाऊ नका, गाडीजवळच थांबा.

मिस्त्रींनी दोन्ही नवीन बसवून दिल्यावर मी त्या गॅरेजला परत गेलो. पैसे द्यायचा प्रश्नच नाही, "आम्ही बदललेत, तुमच्या मिस्त्रीने काढून घेतले असतील" असं तोंडावर म्हणाला. मी ते दोन तीन-बोल्टवाले जॉइंट त्याच्या टेबलावर ठेवले. त्याने बोलता बोलता उचलले आणि मागच्या भंगाराच्या डब्यात टाकले. मी आत जाऊन ते डब्यातनं परत काढून घेऊन आलो, नाहीतर पुढच्या गिऱ्हाईकाला तेच पेपरात गुंडाळून दिले असते.