सॉल्सबरी-सुदान चर्च लिंक: तीन वर्षांचा अनुभव

नगरच्या ताईने फोनवर विचारलं की परदेशातल्या चर्चशी अशी लिंक, म्हणजे कायमचं नातं, ठेवून खरंच काही होतं का, म्हणून सविस्तर लिहितेय.

आम्ही इंग्लंडमध्ये राहतो ते गाव सॉल्सबरी डायोसिसमध्ये, म्हणजे तिथल्या बिशपच्या हाताखालच्या चर्च-विभागात येतं. या डायोसिसचं सुदानच्या एपिस्कोपल (म्हणजे अँग्लिकन) चर्चशी सत्तरच्या दशकापासून नातं आहे. मधे १९८३ ते २००५ युद्ध झालं, २०११ ला साऊथ सुदान वेगळा देश झाला, २०१७ ला चर्चचेपण दोन प्रांत झाले, तरी ते सुटलं नाही, आता दोन्हीकडे चालू आहे. औषधं, शिक्षण यासाठी इथून पैसे जातात, ते चांगलंच आहे. पण मला भावलं ते वेगळंच.

साऊथ सुदानमधल्या बोर गावाहून एक पाळक (चर्चचे धर्मगुरू) पाहुणे आले होते. उपासनेनंतर हॉलमध्ये चहाबिस्किटं चालू होती, आमच्या एका आजींनी त्यांना विचारलं, तुम्हाला काय पाठवू? तर ते म्हणाले, आधी तुमच्याकडे कोण आजारी आहे ते सांगा, आम्ही रविवारी प्रार्थनेत नावं घेतो. आजींनी नवऱ्याचं नाव सांगितलं. त्यांनी खिशातून छोटी डायरी काढली, स्पेलिंग दोनदा विचारलं आणि लिहून घेतलं. पुढे आजोबा वारले तेव्हा बोरहून व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज आला, तिथली अख्खी मंडळी, म्हणजे चर्चची सगळी माणसं, त्यांच्या डिंका भाषेत गात होती, मागे कुठेतरी कोंबडा आरवत होता. युद्धात घरदार गेलेल्या डिंका लोकांनी, त्यातही बायकांनी, कितीतरी गीतं रचलीयत, त्यातलंच ते एक. आजींनी ते अंत्यविधीला लावलं, एक शब्द कोणाला कळला नाही आणि सगळे रडत होते.

आता अडचण. पैसे एकाच बाजूने जातात, त्यामुळे तिकडच्यांना मोकळेपणाने नाही म्हणणं जड जातं, हे मला जाणवतं. आणि सगळं एका माणसावर ठेवू नका. याआधी आम्ही दुसऱ्या शहरात होतो, तिथल्या चर्चचीपण आफ्रिकेतल्या एका मंडळीशी लिंक होती, बघणाऱ्या बाई गाव सोडून गेल्या आणि झालं. मी कपाट आवरायला घेतलं तर तिकडून आलेली सहा पाकिटं न फोडलेली सापडली. फार वाईट वाटलं, कोणीतरी इतकं जपून हाताने पत्ता लिहिलेला.

आपल्याकडेही हे नवीन नाही हं, १९७० ला नागपूरला जे सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) स्थापन झालं त्याचं इंग्लंडच्या डर्बी डायोसिसशी असंच नातं आहे.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. ताईला सांगितलंय, तुमच्या मंडळीतल्या आजारी माणसांची नावं आधी पाठव, फोटो नंतर बघू. काल रात्री अकरा आलीयत, एकाचं स्पेलिंग विचारायचं राहिलंय.