मशरूम ओळखायचं ॲप घेतलं, पण झाड कुठलं ते विचारतच नाही

नाव घेत नाही, पण जाहिराती बघून बऱ्याच जणांनी डाऊनलोड केलं असणार. ७ दिवस फुकट, मग वर्षाचे १,३९९ रुपये कटतात. मी काय बॉटनीवाला नाही, उद्यमनगरात फाउंड्रीत कामाला आहे, पावसाळ्यात रविवारी पन्हाळा-जोतिबाकडं भटकायचं आणि भूछत्र दिसलं की फोटो काढायचा एवढाच नाद.

पहिलाच झटका सांगतो. ऑस्ट्रेलियन बाभळीखाली मातीतून अर्धवट वर आलेला, लहान बटाट्याएवढा, खरखरीत सालीचा गोळा दिसला. ॲप म्हणतंय ट्रफल, म्हणजे जमिनीखाली येणारी खायची बुरशी, ८७ टक्के खात्री! परदेशात हे सोन्याच्या भावानं विकतात, ग्रुपवर फोटो टाकला तर एकानं लगेच पार्टी मागितली. पण आमच्या लाइनीत कास्टिंग फोडल्याशिवाय आत काय दडलंय ते बोलत नाहीत, म्हणून चाकूनं मधोमध कापला, तर आत सगळं जांभळट काळं आणि कडेला जाड पांढरट साल. ट्रफलमध्ये पांढऱ्या शिरांची नक्षी असते, ती इथं नव्हतीच. स्क्लेरोडर्मा नावाचं विषारी भूछत्र होतं ते, खाल्लं तर उलट्या.

माझा खरा राग इथंच आहे. ॲप फक्त वरून काढलेला फोटो मागतं, शेजारी झाड कुठलं ते विचारतच नाही. अरे, स्क्लेरोडर्मासारखी भूछत्रं झाडाच्या बारीक मुळ्यांवर बुरशीच्या धाग्यांचं आवरण चढवून जगतात, मातीतलं पाणी न् फॉस्फरस झाडाला द्यायचं आणि बदल्यात साखर घ्यायची. या भागीदारीला मायकोरायझा हे नाव फ्रँक या जर्मन शास्त्रज्ञानं १८८५ सालीच दिलंय, ॲपवाल्यांना अजून पत्ता नाही. आपला आंबा, जांभूळ यांची दोस्ती वेगळ्या बुरशीशी असते, ती मुळाच्या पेशीतच शिरते आणि तिला छत्री येतच नाही, म्हणजे आंब्याखाली छत्री दिसली तर ती बहुतेक पालापाचोळा कुजवून खाणारी. निलगिरीचं तसं नाही, तिच्याखाली शेणाच्या गोळ्यासारखं पिसोलिथस नावाचं भूछत्र येतं, कापलं की पिवळट दाणे दिसतात, पिकलं की नुसती तपकिरी भुकटी. झाडही मूळचं ऑस्ट्रेलियाचं न् त्याच्या जोडीचे पिसोलिथसही तिकडचेच. ॲपनं काय सांगावं? 'मशरूम आढळलं नाही'.

बरं, चांगलं पण सांगतो. कोडगूला ट्रिपला गेलो तेव्हा लाल टोपीचं एक सापडलं, त्याला ॲप रुसुला म्हणालं, ते बरोबर, कारण देठ खडूसारखा कट्कन तुटला. रुसुलात गोल पेशींचे झुबके असतात म्हणून धागे न निघता ते तसं मोडतं. पण पुढं जाऊन थेट 'रुसुला इमेटिका' असं नाव ठोकून दिलं राव, ते युरोपातल्या पाइनच्या रानातलं, आम्ही उभे डिप्टेरोकार्प नावाच्या उंच झाडांच्या जंगलात! त्यात पावसानं रुसुलाचा रंग धुऊन जातो, मग नुसत्या फोटोवरून जात कशी ठरवणार?

शेवटचा प्रकार जरा गंभीर आहे. घराजवळच्या मैदानात गवतात मोठी पांढरी छत्री आली होती, ॲपनं हिरवी टिकमार्क दाखवून लिहिलं 'खाण्यायोग्य'. मी टोपी कापून अर्ध्या पांढऱ्या अर्ध्या काळ्या कागदावर ठेवली, वर स्टीलची वाटी पालथी घातली, सकाळी बघतो तर कागदावर टोपीतून पडलेल्या बीजाणूंची हिरवट भुकटी. खायच्या मैदानी मशरूमचा ठसा चॉकलेटी पडतो, हिरवा पडला म्हणजे क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस, उलट्या-जुलाबानं माणूस आडवा होतो. कंपनीला मेल केला, उत्तर आलं 'अभिप्रायाबद्दल धन्यवाद'.

५ पैकी दीड स्टार, तोही तारीख आणि लोकेशन आपोआप सेव्ह होतं म्हणून. सबस्क्रिप्शन बंद केलंय, त्या पैशात १० पट दाखवणारं भिंग घेतलं. आणि ती वाटी बायकोनं अजून स्वयंपाकघरात घेतलेली नाही.