नाचायचं, ठोकायचं की टिचक्या मारायच्या? मुलांसाठी म्युझिक गेम निवडताना

म्युझिक गेम म्हटलं की आईबाप जरा निर्धास्त होतात. मारामारी नाही, रक्त नाही, नुसती गाणी. त्यात काय बघायचं? पण या गेममध्ये नजर ठेवायची ठिकाणं वेगळी आहेत: गाण्यांचे शब्द, मधल्या जाहिराती, कान, डोळे, आणि घरातली मोकळी जागा. सांगलीत विश्रामबागेतल्या फ्लॅटचा हॉल आणि गावभागातल्या वाड्याची माडी यांना एकच गेम चालेल असंही नाही.

इथे चार प्रकार शेजारीशेजारी ठेवले आहेत. नाचाचा जस्ट डान्स, ढोल वाजवायचा तायको नो तात्सुजिन, डोक्यावर व्हीआर (आभासी जग दाखवणारा) हेडसेट चढवून खेळायचा बीट सेबर, आणि फोनवर सरकत्या काळ्या पट्ट्यांवर टिचक्या मारायचे फुकटचे गेम. निकाल आधीच सांगतो. पाच ते आठ वर्षांच्या पोरांना जस्ट डान्स, तोही किड्स मोडमध्ये. आठ ते बारा असेल तर आमचं मत तायकोला. बीट सेबर दहाच्या आत नाहीच. पट्ट्यांचे गेम अटी घालून, आणि त्या अटी पाळणं जमणार नसेल तर नकोच.

स्टोअरवरचा आकडा

सिनेमाला सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं, तशी गेमसाठी आपल्याकडे व्यवस्था नाही. प्ले स्टोअरवर दिसणारे 3+, 7+, 12+, 16+, 18+ हे आकडे आयएआरसी या आंतरराष्ट्रीय पद्धतीतून येतात. गेम बनवणारा एक प्रश्नावली भरतो आणि त्याच्या उत्तरांवरून वय ठरतं. आकडा खोटा नसतो, पण तो गेमच्या सांगाड्याचा असतो. नंतर विकत घेऊन जोडलेलं गाणं कसलं आहे, ऑनलाइन खेळताना समोरचा अनोळखी माणूस काय बोलेल, हे त्यात मोजलेलं नसतं. अमेरिकेतली, गेमना वय ठरवून देणारी ईएसआरबी ही संस्था तर काही गेमवर स्पष्टच लिहिते की ऑनलाइन संवादाला आम्ही वय दिलेलं नाही.

म्हणून आकड्यापेक्षा त्याच्या खालची बारीक अक्षरं वाचा. ईएसआरबीच्या संकेतस्थळावर गेमचं नाव टाकलं की कारणं दिसतात. ‘लिरिक्स’ म्हणजे गाण्याच्या शब्दांबद्दल इशारा, ‘सजेस्टिव्ह थीम्स’ म्हणजे सूचक हावभाव किंवा शब्द. त्याच पानावर ‘यूजर्स इंटरॅक्ट’ असेल तर खेळणाऱ्यांचा एकमेकांशी संपर्क होतो, आणि ‘इन-गेम पर्चेसेस’ असेल तर पैसे मागितले जाणार. या चार शब्दांवर अर्धा निर्णय होतो. जस्ट डान्सच्या काही आवृत्त्यांना तिथे 10+ मिळालंय ते गाण्यांच्या शब्दांमुळेच.

गाणी कशी तपासायची

इंग्रजी, स्पॅनिश, कोरियन गाणं आपल्याला कळत नाही आणि पोराला पाठ होतं. जस्ट डान्समध्ये शिव्या गाळलेल्या असतात. पण शिवी गाळली म्हणून गाण्याचा विषय बदलत नाही. सगळी यादी वाचत बसू नका. मूल ज्यावर बोट ठेवेल अशी पाच-सहा गाणी निवडा (चकचकीत चित्र असलेली आणि वर्गात चर्चा असलेली), त्यांचे शब्द शोधून मराठीत भाषांतर करून वाचा, आणि तो नाच एकदा शेवटपर्यंत पाहा. दहा मिनिटांत चित्र स्पष्ट होतं. किड्स मोड 2018 च्या आवृत्तीपासून आला. त्यात मुलांसाठी निवडलेली गाणी आणि सोप्या हालचाली असतात, त्यामुळे लहानांच्या बाबतीत हा खटाटोप वाचतो.

तायकोची यादी मुख्यतः जपानी: अॅनिमेची (जपानी कार्टूनची) गाणी, गेममधलं संगीत, पाश्चात्त्य अभिजात संगीतातल्या धुना. शब्दांची काळजी इथे कमी. बीट सेबरची मूळ गाणी बहुतेक इलेक्ट्रॉनिक आहेत. वेगळ्या विकत मिळणाऱ्या पॅकमध्ये मात्र मोठ्यांसाठी गाणाऱ्या कलाकारांचीही गाणी येतात, तेव्हा पॅक घेताना पुन्हा तीच तपासणी.

एक सावधगिरी. फ्रायडे नाइट फंकिन हा 2020 मध्ये आलेला ब्राउझरवरचा गेम दिसायला कार्टून आहे, चार बाणांच्या कळांवर चालतो, म्हणून सहा-सात वर्षांच्या पोरांपर्यंत सहज पोचतो. त्यात बंदुका आहेत, शिव्या आहेत, आणि चाहत्यांनी बनवलेल्या असंख्य मॉडमध्ये (गेमच्या बदललेल्या आवृत्त्यांमध्ये) भयपटाला शोभेल असं रक्त आणि दचकवणारी तोंडं आहेत. सेटिंगमध्ये ‘नॉटीनेस’ नावाचा पर्याय बंद करता येतो, पण मॉडला तो बांधील नाही. तेराच्या आत नको, त्यापुढेही मूल कुठला मॉड खेळतंय ते विचारायचं.

जागा, फरशी आणि पंखा

जस्ट डान्सला पडद्यापासून दोन मीटरभर अंतर आणि दोन्ही हात आडवे पसरले तरी काही लागणार नाही एवढी रुंदी हवी. टीपॉय बाजूला. मोजे घालून टाइल्सवर नाचू देऊ नका, घसरतात. अनवाणी किंवा पकड असलेले बूट. फ्लॅटमध्ये उड्यांचा दणका खालच्या घरात जातो, वाड्याच्या लाकडी माडीवर तर अख्खं घर थरथरतं. दुपारच्या झोपेच्या वेळा सोडून खेळायचं, किंवा खाली जाड सतरंजी टाकून तिच्या कडा चिकटपट्टीनं बसवायच्या. नुसती टाकलेली सतरंजी पायाखालून सरकते.

प्लेस्टेशन 5 या गेमच्या यंत्रावर जस्ट डान्ससाठी फोनच रिमोट होतो. सहा वर्षांच्या मुठीत मोठा फोन मावत नाही आणि हात झटकला की तो टीव्हीच्या काचेवर जातो. मनगटाला अडकवायच्या दोरीचं कव्हर लावा, नाहीतर घरातला जुना छोटा फोन द्या. निन्टेंडो स्विच या यंत्राच्या जॉय-कॉनला (हातात धरायच्या कंट्रोलरला) दोरी सोबतच येते, ती लावायची. गुण फक्त उजव्या हाताच्या हालचालीवर मिळतात, त्यामुळे सोफ्यावर बसून नुसता हात हलवून पाच तारे कमवायची युक्ती पोरं आठवड्याभरात शोधतात. व्यायाम व्हावा म्हणून गेम घेत असाल तर हे माहीत असलेलं बरं.

बीट सेबरला दोन मीटर बाय दोन मीटर मोकळी जागा लागते, आणि हेडसेट घातल्यावर बाहेरचं दिसत नाही. आपल्या घरांत खरा धोका दाराच्या कोपऱ्याचा, शोकेसच्या काचेचा आणि मध्येच रांगत येणाऱ्या धाकट्याचा. हात उंचावणाऱ्या मोठ्या मुलाच्या डोक्यावर पंखा येणार नाही अशी जागा निवडा. मेटानं 2023 मध्ये आपल्या क्वेस्ट हेडसेटचं किमान वय 13 वरून 10 वर आणलं, तेही पालकांच्या देखरेखीतल्या खात्यासाठी. सोनीच्या व्हीआर हेडसेटला 12 आहे. दुसरी गोष्ट डोळ्यांतल्या अंतराची. क्वेस्ट 2 आणि क्वेस्ट 3एस मध्ये काचा 58, 63 आणि 68 मिलिमीटर एवढ्या तीनच जागी बसतात. दहा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांच्या बाहुल्यांमधलं अंतर अनेकदा 58 पेक्षा कमी असतं, मग चित्र धूसर दिसतं आणि डोकं दुखतं. क्वेस्ट 3 मात्र 53 पर्यंतच्या अंतराला चालतो असं कंपनी सांगते. वर हेडसेटचं अर्धा किलो वजन मानेवर. पंधरा मिनिटं खेळ, मग हेडसेट खाली; आणि समोरचं दृश्य फोनवर दाखवण्याची सोय चालू ठेवा.

फ्लॅश आणि आवाज

सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा उघडझाप करणारा प्रकाश काही मुलांमध्ये फिट आणू शकतो. घरात कुणाला अपस्मार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बीट सेबर सुरूच करू नका. त्यात उघडझाप कमी करायची सोय आहे, ती इतरांसाठीही चालू ठेवावी. बाकीचे गेम खोलीतला दिवा लावून आणि पडद्यापासून लांब बसून.

आवाजाला जागतिक आरोग्य संघटनेचं मुलांसाठीचं माप आहे: 75 डेसिबल, आठवड्याला 40 तास. गणपतीत डीजेसमोर उभं राहिलेल्या पोराला हे माप हास्यास्पद वाटेल, पण हेडफोन कानाला चिकटलेला असतो. हेडफोन घातलेल्या मुलाला एका हाताच्या अंतरावरून साध्या आवाजात हाक मारा. ऐकू गेली नाही तर आवाज कमी करा.

ताल चुकतोय की स्पीकर?

मुलाचा ताल कच्चा आहे असं ठरवण्याआधी हे वाचा. ब्लूटूथ स्पीकर किंवा हेडफोनमधून आवाज साधारण 100 ते 250 मिलिसेकंद उशिरा येतो. मिनिटाला 120 ठोक्यांच्या गाण्यात एक ठोका 500 मिलिसेकंदांचा. म्हणजे 200 मिलिसेकंदांचा उशीर झाला की मूल ऐकून बरोबर वाजवतं आणि गेम ‘मिस’ दाखवतो. मग रडारड, किंवा त्याहून वाईट म्हणजे कानाकडे दुर्लक्ष करून नुसतं डोळ्यांनी वाजवण्याची सवय. वायरचा स्पीकर किंवा टीव्हीचाच आवाज वापरा, टीव्ही ‘गेम मोड’वर ठेवा, आणि गेममध्ये वेळ जुळवायची सेटिंग असेल तर ती आधी करा. तिथे डोळे मिटून फक्त आवाजावर टिचकी मारायची.

तायकोला आम्ही वर ठेवतो ते इथे. लाल खूण आली की ढोलाच्या मधोमध, निळी आली की कडेवर, मोठी आली की दोन्ही हात. काठिण्याच्या पायऱ्या सोप्यापासून वर चढतात आणि हातांची आलटापालट खरोखर बसते. तरी कुठलाच गेम संगीत शिकवत नाही. मिरजेत तबल्याच्या क्लासला जाणाऱ्या मुलाला तीनतालाच्या सोळा मात्रांत ‘सम’ (पहिली मात्रा) आणि ‘खाली’ (टाळी न देता दाखवायची मात्रा) कुठे हे धरावं लागतं. गेममध्ये समोर खूण आली की मारायचं, पुढचं धरून ठेवायचं काम पडदाच करतो. क्लासऐवजी गेम हा सौदा करू नका. क्लासनंतर वीस मिनिटं, चालेल.

फुकटच्या पट्ट्या

यांचा दोष संगीतात नाही, मांडणीत आहे. हरलं की ‘जाहिरात बघ आणि पुढे खेळ’, नवं गाणं हवं की जाहिरात, बंद करायचा फुलीच्या खुणेचा ठिपका मुलाच्या बोटापेक्षा बारीक. बोट चुकलं की दुसरंच अॅप उतरायला लागतं. काहींत आठवड्याच्या वर्गणीची फुकट चाचणी असते, जी आपोआप पैसे कापायला लागते. देणारच असाल तर आधी प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागण्याचा पर्याय चालू करा, ‘फॅमिली’ खालचं पालक नियंत्रण पिन घालून लावा (ते आधीपासून फोनवर असलेल्या अॅपना हटवत नाही, ती हातानं काढा), यूपीआय असलेला फोन देऊ नका, आणि उतरवलेली गाणी विमान मोडवर चालतात का बघा. चालत असतील तर जाहिरातींचा प्रश्नच मिटतो. पाच वर्षांखालच्यांना हा प्रकार अजिबात नको. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेनं दोन ते पाच वयाला दिवसाला जास्तीत जास्त एक तास पडदा सांगितलाय, आणि तो तास यात घालवण्यात काही अर्थ नाही.

सेकंडहँड घेताना

जस्ट डान्सची 2023 पासूनची खोकी रिकामी असतात, आत फक्त कोड. तो एकदा वापरला की खोकं शोभेचं, म्हणून वापरलेलं घेऊ नका. 2022 पर्यंतच्या आवृत्त्या डिस्कवर किंवा कार्ट्रिजवर आहेत, जुन्या प्लेस्टेशन 4 आणि स्विचवर चालतात. त्यातली गाणी ठरलेली असल्यानं यादी एकदाच तपासावी लागते. सोबत वर्गणीची चाचणी पुढे केली गेली, तरी ती नाकारून डिस्कवरची गाणी खेळता येतात. निन्टेंडोचं यंत्र आपल्याकडे बहुतेक आयात केलेलंच मिळतं, तेव्हा दुरुस्ती कोण करून देणार हे दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्या, आणि तायकोसाठी ढोलाचा कंट्रोलर वेगळा घ्यायची घाई करू नका. कळांवरही गेम चालतो, आणि महिन्याभरानंतरही मूल खेळत असेल तेव्हा बघता येईल.