तयार गुढीचा संच: खण झकास, काठी आखूड

बेळगावच्या गणपत गल्लीत पाडव्याआधी मिळणारा हा संच. खण गुळेदगुड्डचा (कर्नाटकातलं खणांसाठी प्रसिद्ध गाव), विणीचा, पैसे वसूल. काठी मात्र ३ फुटी. गॅलरीबाहेर दिसायला निदान ५ फूट हवी. खणाच्या निऱ्या सुतळीने आवळल्याशिवाय तांब्या पालथा घालू नका, घसरतो. साखरेची गाठी ओलसर आहे. पाक कच्चा राहिला की ती उन्हात पाझरते आणि खणावर डाग पडतात.

सोबतच्या माहितीपत्रकात ब्रह्मदेवाची सृष्टी, रामाचं अयोध्येला परतणं, शालिवाहन शक (इ.स. ७८) सगळं आलंय. पण कडुलिंब वाळका! कोवळी पानं-फुलं, गूळ, ओवा, हिंग, भिजवलेली चणाडाळ वाटायची असते. शेजारच्या कन्नड घरांतल्या बेवु-बेल्लालाही (कडुलिंब-गुळाचा प्रसाद) ताजाच लागतो. तेवढा मंडईतून वेगळा घ्या.