इंटरॅक्टिव्ह कथेचा कोर्स लावताय? आधी सोर्स फाइल मागा

सांगलीत ‘इंटरॅक्टिव्ह डिजिटल स्टोरीटेलिंग’, म्हणजे वाचक पर्याय निवडेल तशी वळणारी गोष्ट, शिकवतो म्हणून मुलांना रीतसर गंडवलं गेलंय. पंचेचाळीस हजार फी, ‘आमचं स्वतःचं सॉफ्टवेअर’, ‘सरकारमान्य’ सर्टिफिकेट आणि कामाची हमी. फसलेल्या मुलांच्या फाइली आणि पावत्या आम्ही तपासल्या. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ज्या गावात मराठी नाटक उभं केलं, तिथल्या पोरांना गोष्ट सांगण्याची नवी रीत शिकायची ओढ असणारच. त्या ओढीचाच धंदा झाला, याचा संताप येतो.

ते ‘स्वतःचं सॉफ्टवेअर’ म्हणजे ट्वाइन, अशा कथा बनवण्याचं साधन. २००९ पासून ते सगळ्यांना फुकट मिळतं, त्यात मराठी नीट चालतं आणि तयार कथा एकाच एचटीएमएल फाइलमध्ये बाहेर पडते. फुकट साधन वापरून शिकवण्यात गैर काहीच नाही, फी शिकवण्याची असते. पण इथे शिकवलंच नव्हतं. मुलांची कथा कॉम्प्युटरवर उघडून कंट्रोल-यू दाबलं, की सोर्समध्ये, म्हणजे पानामागच्या कोडमध्ये, ट्वाइनचं नाव आणि आयएफआयडी हा लांबलचक क्रमांक दिसतो. प्रत्येक नव्या कथेला तो वेगळा मिळतो. या मुलांच्या ‘प्रोजेक्ट’वर मात्र एकच आयएफआयडी होता! म्हणजे तयार फाइल एकच, नावं तेवढी बदललेली. एकीची गोष्ट आयर्विन पुलावर घडते, दुसऱ्याची हरिपूरच्या संगमावर, पण फाटे तेच, शेवट तेच आणि तुटलेली लिंकसुद्धा त्याच जागी.

खरं शिकवणारा पहिल्याच आठवड्यात फाट्यांचा हिशोब कागदावर मांडायला लावतो. दर वळणावर दोन पर्याय ठेवले, तर पाच वळणांत ३२ शेवट आणि एकूण ६३ पॅसेज, म्हणजे कथेचे तुकडे, होतात. एवढं लिहिताना कुणीही थकतं. म्हणून फाटे पुन्हा एकत्र आणायचे आणि वाचकाने काय निवडलं ते व्हेरिएबलमध्ये, म्हणजे नाव दिलेल्या एका नोंदीत, लक्षात ठेवायचं. मग आवाज. पान उघडताच ऑडिओ आपोआप वाजेल असं धरून चालू नका, ब्राउझर तो अडवतात. ‘ऐका’ असं बटण द्यावं लागतं. ऑडिओ कथेच्या फाइलमध्ये आपोआप जात नाही, तो सोबतच्या फोल्डरमध्ये ठेवायचा असतो. फाइलच्या नावात कॅपिटल-स्मॉल अक्षर चुकलं, तर विंडोजवर वाजतो आणि सर्व्हरवर चढवल्यावर गप्प होतो. यातलं एकही या मुलांना ठाऊक नव्हतं.

मुलं स्वतः लिहीत होती त्या कथा हातून गेल्या, त्या वेगळ्याच कारणाने. ट्वाइन ब्राउझरमध्ये वापरलं की मजकूर त्याच कॉम्प्युटरच्या त्याच ब्राउझरमध्ये साठतो. मुलं क्लासच्या मशीनवर काम करायची. क्लासला टाळं लागलं, कथा आत. रोज उठण्याआधी आर्काइव्ह, म्हणजे सगळ्या कथांची एक प्रत, काढून पेनड्राइव्हवर घ्यायचं, हे एक वाक्य कुणी सांगितलं असतं तरी पुष्कळ वाचलं असतं.

‘अनेक माध्यमांतली कथा’ म्हणून क्यूआर कोड छापून घेतले होते: घाटावर स्कॅन करा, पुढचा प्रसंग ऐका. ते डायनॅमिक होते, म्हणजे मधल्या कंपनीच्या लिंकवरून फिरून जाणारे. क्लासने वर्गणी थांबवली आणि कोड मेले. स्टॅटिक क्यूआर फुकट बनतो, त्यात तुमचा पत्ता थेट असतो आणि त्याला मुदत नसते. स्कॅन केल्यावर फोनवर आधी पत्ता दिसतो; तो तुमच्या पानाचा नसून कुठली तरी आखूड लिंक असेल, तर जाब विचारा. कथा ठेवायला इच डॉट आयओ या साइटवर फुकट जागा मिळते, खातं मात्र स्वतःच्या ईमेलवर काढा.

सर्टिफिकेटवरचं ‘सरकारमान्य’ हे उद्यम नोंदणीच्या, म्हणजे छोट्या व्यवसायांच्या सरकारी नोंदणीच्या, जोरावर होतं. ही नोंदणी स्वतःच माहिती भरून फुकट होते, तिचा अभ्यासक्रमाच्या दर्जाशी काडीचाही संबंध नाही. ‘सोपे हप्ते’ म्हणजे प्रत्यक्षात मुलांच्या किंवा पालकांच्या नावावरचं कर्ज. पैसे क्लासला एकरकमी मिळाले. क्लास बंद पडला तरी हप्ते चालूच आणि थकले की सिबिल स्कोअर बिघडतो. सही करण्याआधी कर्जाचं मुख्य माहितीपत्रक मागा. डिजिटल कर्जाला कूलिंग-ऑफ मुदत असते. त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं.

डेमोच्या दिवशीच म्हणा, ‘आत्ता बनवलेली कथा माझ्या पेनड्राइव्हवर द्या.’ मग ती फाइल घरच्या फोनवर इंटरनेट बंद करून उघडा. द्यायला खळखळ केली, तर नोंदणीचे पैसेही भरू नका.

पैसे गेले असतील तर ऑनलाइन फसवणुकीसाठी १९३० वर लगेच फोन करा. सेवेबद्दलच्या तक्रारीसाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही. पावत्या, जाहिरातींचे स्क्रीनशॉट, एक्स्पोर्ट केलेलं व्हॉट्सॲप चॅट आणि कथांच्या एचटीएमएल फाइली, जशा असतील तशा, काहीही न बदलता आजच दुसरीकडे उतरवून ठेवा. एकाच आयएफआयडीच्या चार फाइली चार मुलांनी मिळून समोर ठेवल्या, तर तक्रारीला मोठा आधार मिळतो.